सात नंबरची काच

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात यकृत ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. काच उजेडाकडे धरायची. उजवा खालचा कोपरा उडालेला दिसला की ते यकृत. कोपरा शाबूत आणि मधोमध ओरखडा असेल, तर मूत्रपिंड. बुडबुडा अडकलेला असेल तर थायरॉइड ग्रंथी, आणि लेबलावर चहाचा डाग असेल तर हृदयाचा स्नायू. शेजारी टेबलावर मायक्रोस्कोप असतो. त्यात डोकावलं तरी चालतं, सक्ती नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या अशा एकूण बारा काचा. एका लाकडी पेटीत त्या ओळीनं उभ्या असतात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला उत्तरांची यादी चिकटवलेली असते. या बारा काचांवर गेल्या सत्तावीस वर्षांत दोनेक हजार डॉक्टर झाले. ते आज गावोगावी लोकांची यकृतं तपासत असतात. त्या यकृतांचे कोपरे उडालेले नसतात, तरी बिचारे काही ना काही मार्ग काढतच असतील.

काचांच्या खाणाखुणांची एक वहीही होती. वरच्या वर्गातली मुलं ती खालच्या वर्गाला देऊन जात. दोनदा नवं पुठ्ठ्याचं बाइंडिंग झालेल्या त्या वहीला सगळे आदरानं 'पोथी' म्हणत. पाठ्यपुस्तक नऊशे पानांचं होतं, पोथी सव्वा पानाची. शास्त्र पुढं जातं ते असं.

मी या ऊतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचा पापुद्रा काढायचा, रंगवायचा आणि काचेवर डकवायचा, हे माझं काम. मुलं मला काचवाले काका म्हणतात. पेटी माझ्याकडे आली ती माझ्या आधीच्या तंत्रज्ञांकडून. त्यांना सगळे मामा म्हणायचे. यादी मामांच्याच अक्षरात होती, आणि तिच्यावर शंका घ्यायची वेळ कधी कुणावर आली नव्हती, कारण शंका घ्यायला मायक्रोस्कोपमध्ये बघावं लागतं.

आमच्या विभागप्रमुखांना मुलांनी 'मूलपेशी' असं नाव ठेवलं होतं. मूलपेशी म्हणजे अजून कोणीच न झालेली पेशी. त्यामुळे ती पुढं काहीही होऊ शकते, रक्ताची, हाडाची, कातडीची. सर आतापर्यंत वसतिगृहप्रमुख, क्रीडाप्रमुख, ग्रंथालय समितीचे अध्यक्ष आणि आवारातल्या बागेचे सल्लागार होऊन चुकले होते. ऊतितज्ज्ञ व्हायचं तेवढं राहून गेलं होतं.

हे सगळं मला बावीस वर्षं ठाऊक होतं आणि बावीस वर्षं त्याचं मला काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याचं कार्टं चहाच्या डागावर हृदय ओळखतं, यात आपलं काय जातं? मग माझ्याच मुलीला तिथं प्रवेश मिळाला.

पहिली चाचणी जवळ आली तसं एकदा जेवताना मी सहज विचारलं, "काय गं, हृदयाचा स्नायू कसा ओळखशील?"

"सोप्पंय. लेबलावर चहा."

"हृदयात चहा असतो?"

"तुमच्या असतो," हिची आई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला.

तो डाग माझाच होता. चौदा वर्षांपूर्वी कप कलंडला होता. तेव्हा आपण वैद्यकशास्त्रात भर घालतोय याची मला कल्पना नव्हती.

"अगं, तंतू बघायचे. फांद्या फुटलेले असतात, आडव्या रेघा असतात, केंद्रक बरोब्बर मधे असतं..."

"ते लेखीला हो बाबा. प्रॅक्टिकलला चहा."

"आणि उद्या पेशंटवर चहा सांडलेला नसला तर?"

"तेव्हाचं तेव्हा. मी हाडांची डॉक्टर होणार आहे."

"हाडांच्या काचेची खूण काय आहे?"

"लेबल उलटं चिकटवलंय," ती म्हणाली आणि मिठाकडे हात केला.

त्या रात्री मला झोप आली, खोटं कशाला बोला. पण सकाळी दाढी करताना आरशात बघवेना.

ऑफिसात गेलो आणि सरांच्या नावे टिपण लिहिलं. दोनच मुद्दे. एक, परीक्षेच्या काचा जुन्या आणि खराब झाल्या आहेत, तर मूळ मेणाच्या ठोकळ्यांवरून नवा संच करण्यास परवानगी मिळावी. दुसरा मुद्दा जुनं रजिस्टर पडताळताना निघाला. झाकणावरच्या यादीत सात नंबरला 'स्वादुपिंड' आहे. रजिस्टरात आणि ठोकळ्यावर मात्र 'कानाखालची लाळग्रंथी' असं लिहिलेलं आहे. यादी उतरवताना मामांच्या डोळ्यांची ओळ चुकली असणार. दोन्ही ग्रंथी पचनाचा रस करतात आणि नजर टाकली तर जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. सत्तावीस वर्षं आमचे डॉक्टर लाळेला स्वादुपिंड म्हणत बाहेर पडत होते. तरी यादी दुरुस्त व्हावी, ही विनंती.

सर फोनवर होते. बागेच्या नळीला भोक पडलं होतं आणि विषय गंभीर होता. त्यांनी कागदाचा खालचा भाग तेवढा पुढं ओढला, 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि नळीकडे वळले. एक प्रत मी त्यांच्या फायलीत लावली, एक माझ्याकडे ठेवली.

मग मी कामाला लागलो. मेणाचा ठोकळा बर्फावर गार करायचा, यंत्रात बसवायचा आणि पात्यानं पाच मायक्रॉनचा पापुद्रा काढायचा. म्हणजे डोक्यावरच्या केसाचे उभे चौदा काप केले, तर त्यातला एक. पापुद्र्यांची फीत कोमट पाण्यावर सोडायची. ती अंग ताणून पसरते आणि तुम्ही श्वास जोरात सोडलात तर निघून जाते. खालून काच घालून तिला अलगद उचलायचं. मग रंग. केंद्रकं जांभळी होतात आणि बाकीचा पसारा गुलाबी. बारा ठोकळे, प्रत्येकाच्या दोन काचा. एक संच परीक्षेला आणि एक सरावाला. चारही कोपरे धड, कुठे ओरखडा नाही, चहा मी तेवढे दिवस व्हरांड्यात प्यालो. बावीस वर्षांत इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं. शिक्षा व्हायला एवढं कारण पुरेसं होतं, पण ते नंतर.

सरावाचा संच प्रयोगशाळेत मांडला आणि फलकावर सूचना लावली: 'परीक्षेच्या काचा बदलल्या आहेत. सरावासाठी संच उपलब्ध आहे.' खाली सरांची सही. आमच्या फलकावरचं मुलं फक्त सुट्टीचं वाचतात. सूचनेत सुट्टी हा शब्द नव्हता.

मुलीला मी घरी सांगितलं, "फलकावरची सूचना वाच." तिनं वाचली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"तुम्ही मुद्दाम केलंत," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"हो."

"इतर मुलांचे बाबा मुलांसाठी काय काय करतात!"

"त्यांना मेण कापता येत नाही."

चौथ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती प्रयोगशाळेत आली, डबा टेबलावर आदळला आणि म्हणाली, "दाखवा, काय ते."

पुढचे तीन आठवडे शहाण्णव मुलांच्या वर्गासाठी मांडलेल्या बारा स्टुलांपैकी एक स्टूल वापरात होतं. पहिले काही दिवस तिला सगळंच गुलाबी दिसलं. मग एकदा म्हणाली, "बाबा, आतड्याला बोटं आहेत!" मग म्हणाली, "फुप्फुसात तर काहीच नाहीये, नुसती जाळी." "हवेला जागा नको?" मी म्हटलं. चाक फिरवायचा तिचा हात हळू झाला. नवशिक्या माणूस मायक्रोस्कोपचं चाक नळासारखं फिरवतो. ज्याला दिसायला लागतं, त्याची बोटं आपोआप जपून वागतात.

दुसऱ्या आठवड्यात ती सात नंबरशी अडली.

"पोथीत हे स्वादुपिंड आहे."

"बरं."

"मग बेटं कुठायत? पुस्तकात लिहिलंय, गडद पेशींच्या मधे फिकट पेशींची बेटं दिसतात, साखरेचा हिशेब बघणारी."

"शोध."

दोन संध्याकाळी तिनं त्या काचेचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. तिसऱ्या दिवशी डोळे चोळत उठली. "नाहीयेत बेटं. आणि हे मधे मधे पांढरे रिकामे फुगे आहेत ना, ती चरबी आहे. नळ्यांना उभ्या रेघाही आहेत. बाबा, हे स्वादुपिंड नाही. ही कानाखालची लाळग्रंथी आहे."

मी तिच्याकडे पाठ करून काचेचं भांडं धूत होतो. ते धुऊन झालं होतं. मी पुन्हा धुतलं.

"बरोबर का चूक, सांगा की!"

"दिसतंय ते लिही," मी म्हटलं. टिपणाबद्दल तिला बोललो नाही. परीक्षेची यादी आता सरांकडून दुरुस्त होऊन येणारच होती, आणि तिनं स्वतः शोधलेली गोष्ट माझ्या तोंडून खरी व्हावी असं मला वाटत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बारा टेबलं, बारा मायक्रोस्कोप आणि दर दोन मिनिटांनी घंटा. घंटा झाली की पुढच्या टेबलावर जायचं. पहिला मुलगा आला. त्यानं सवयीनं काच काढून उजेडाकडे धरली. चारही कोपरे जागेवर होते. त्यानं ती उलटी केली, बाहीला पुसली, पुन्हा धरली. मग माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मीच त्याचं यकृत काढून घेतलंय. घंटा झाली. पुढच्या टेबलावर मूत्रपिंडाचा ओरखडा गायब होता.

निकाल लागला. पंच्याण्णव मुलं नापास. एका मुलीला बारापैकी अकरा.

बाहेरगावचे परीक्षक गुणपत्रिकेवर जेवणाआधीच सही करून गेले होते. त्यामुळे विचार करायची सगळी जबाबदारी सरांवर येऊन पडली. त्यांनी ती धीरानं पेलली. "पंच्याण्णव मुलं एकदम अडाणी कशी असतील?" ते म्हणाले. "त्यापेक्षा एक मुलगी चोर असणं जास्त शक्य आहे. आकडेवारीच बघा ना."

त्या मुलीचं आडनाव बघायची त्यांना गरज पडली नाही. उत्तरं फुटली असं ठरलं तर तीन वर्षं परीक्षेला बंदी, असा नियम होता. तीन वर्षांनी कोणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं.

घरी हिच्या आईनं एवढंच विचारलं, "तुम्हाला हा चोखपणा याच वर्षी सुचायचा होता का हो?" मी भाजी निवडायला घेतली.

चौकशी सरांच्या खोलीत झाली. टेबलामागं सर, आणि त्यांच्या शेजारी उपप्राचार्या. त्या अस्थिरोगाच्या प्रमुख, म्हणून सगळे त्यांना हाडांच्या बाई म्हणत. मोडलेलं हाड असो की मोडकं कारण, त्या दोन्हीकडे सारख्याच नजरेनं बघत. माझी मुलगी उभी होती. मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती. साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, ते स्पष्ट केलं नव्हतं. पुरावा म्हणून नव्या काचा घातलेली पेटी आणि मायक्रोस्कोप मीच आणून ठेवला होता. झाकणावर मात्र मामांचीच यादी होती, दुरुस्त यादी सरांकडून आलीच नव्हती. माझ्या शर्टाच्या खिशात घडी केलेलं टिपण होतं. मनात पक्कं होतं, वेळ आली की ते टेबलावर ठेवायचं. सरांच्याच सहीनं माझी मुलगी बारापैकी बारा ठरणार होती.

"उत्तरं कुठून मिळाली?" सरांनी विचारलं.

"मायक्रोस्कोपमधून."

"उर्मटपणा नको."

"नाही सर, खरंच. त्यात दिसतात."

सर बाईंकडे वळले. "यादी कुठं असते? पेटीत. पेटी कुणाकडे? यांच्याकडे. हे कोण? हिचे वडील. आणखी काय पाहिजे?"

"मग अकराच कशा?" बाई म्हणाल्या.

"अं?"

"यादी हातात असताना कुणी एक उत्तर सोडून देईल का? चुकलंय कुठलं?"

सरांनी कागद बघितला. "सात नंबर. यादीत स्वादुपिंड आहे. हिनं लिहिलंय लाळग्रंथी. साफ चूक."

"यादी चोरली असती, तर यादीतलंच लिहिलं असतं ना?"

माझा हात खिशापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. टिपण बाहेर काढलं तर काय होईल, हे मला तेव्हा कुठं दिसलं. सात नंबर लाळग्रंथी आहे हे सिद्ध झालं असतं. सर चुकले हेही सिद्ध झालं असतं. आणि ही गोष्ट साऱ्या महाविद्यालयात फक्त एका माणसाला माहीत होती, तिच्या बापाला, हे त्याच कागदावर तारखेसकट लिहिलेलं होतं. तिला बरोबर ठरवणारा एकुलता एक पुरावा तिला चोरही ठरवत होता. मी हात खिशावरून काढून गुडघ्यावर ठेवला.

सरांच्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देत असाव्यात. सवय नसल्यानं वेळ लागत होता. मुलीला चोर म्हणायचं, तर यादी चुकली म्हणावं लागत होतं. यादी बरोबर म्हणायची, तर मुलगी चोर राहत नव्हती. अखेर त्यांचा चेहरा उजळला.

"मुलगी प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "तिला येत नाही."

मी श्वास सोडला. तेवढ्यात प्रामाणिक मुलगी म्हणाली, "पण सर, सात नंबर लाळग्रंथीच आहे. बेटं नाहीत त्यात. तुम्ही बघा ना एकदा."

सत्तावीस वर्षांत सरांना असं कुणी म्हटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "बघून घ्या. निकालात निघेल."

सात नंबरची काच मीच लावली. मायक्रोस्कोपच्या दिव्याची वायर टेबलाच्या कडेवरून लोंबत होती आणि भिंतीतलं सॉकेट माझ्या खांद्याशी होतं. प्लग लावला की दिवा लागतो. बावीस वर्षांत तो मी हजारो वेळा लावला असेन. मी लावला नाही. जागेवर येऊन बसलो.

सर वाकले. एक डोळा मिटला, चाक नळासारखं गरागरा फिरवलं आणि मिट्ट काळोखाचं बराच वेळ निरीक्षण केलं.

"स्पष्ट आहे," ते म्हणाले. "स्वादुपिंड."

"आणि बेटं?" बाईंनी विचारलं.

"आहेत. या भागात जरा विरळ आहेत."

बाईंनी लोंबत्या वायरीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझी मुलगीही वायरीकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"पुढं चला," बाई म्हणाल्या.

पुढं दोन निर्णय झाले. ज्या काचा पंच्याण्णव मुलांना ओळखता येत नाहीत त्या सदोष असल्याचं उघडच होतं, म्हणून त्या कपाटात बंद करून जुन्या काचांवर फेरपरीक्षा घ्यायची. आणि मुलीनं सात नंबरचं उत्तर चुकल्याचं लेखी द्यायचं, म्हणजे तिचे अकरा गुण कायम राहतील आणि विषय संपेल.

तिच्यापुढं कोरा कागद आला. ती पेन धरून बराच वेळ उभी राहिली. मी जमिनीवरच्या फरश्या मोजत होतो. मग तिनं एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद सरकवला. सरांनी मोठ्यानं वाचला: "झाकणावरच्या यादीप्रमाणे माझं सात नंबरचं उत्तर चूक आहे."

"छान," सर म्हणाले. "अक्षर चांगलं आहे."

घरी जाताना रस्त्यात मी तिला टिपण दाखवलं. दिव्याच्या खांबाखाली थांबून तिनं ते दोनदा वाचलं.

"हे खिशात होतं? तिथं?"

"होतं."

"म्हणजे मी बरोबर असते, तर गेले असते."

"तीन वर्षं."

"आणि चुकले म्हणून सुटले." ती थोडी चालली. "आणि प्लग?"

"वायर आखूड आहे," मी म्हटलं.

"बाबा, चांगली हातभर शिल्लक होती."

तिनं टिपणाची घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली, जरा खोल सरकवून.

फेरपरीक्षा झाली. पंच्याण्णवच्या पंच्याण्णव पास. निकालाची टक्केवारी विभागाच्या इतिहासात सर्वोच्च ठरली आणि सर अभ्यासक्रम सुधार समितीचे अध्यक्ष झाले. नवा संच कपाटात आहे. अधूनमधून मी कुलूप उघडून काचांवरची धूळ पुसतो.

वर्ष संपलं तसं पोथी खालच्या वर्गाकडे गेली. एक नवा मुलगा ती प्रयोगशाळेत विसरला, म्हणून प्रथमच माझ्या हाती आली. सव्वा पान आता दीड पान झालं होतं. यकृताचा कोपरा, मूत्रपिंडाचा ओरखडा, माझा चहा, सगळं जागच्या जागी होतं. फक्त सात नंबरपुढं नव्या शाईत, माझ्या ओळखीच्या आणि सरांनी वाखाणलेल्या अक्षरात चार-पाच ओळी वाढल्या होत्या:

'७. स्वादुपिंड लिहा. आहे कानाखालची लाळग्रंथी. खात्री करायची असेल त्यानं कॉलेज सुटल्यावर काकांकडून कपाटाची किल्ली मागावी. प्लग आठवणीनं लावावा.'

पोथी मी स्टुलावर होती तशी ठेवून दिली. संध्याकाळी तो मुलगा ती न्यायला आला. वही बगलेत मारली, दारापर्यंत गेला, घुटमळला आणि परत वळला.

"काका," तो म्हणाला, "ती किल्ली..."